दोन जावा आणि एक बनियन

माझ्याकडे राजदूत ३५० मोटारसायकल आहे म्हटलं की समोरचा माणूस एकतर डोळे मिटून "अहाहा!" करतो, नाहीतर विचारतो, "किती देते?" दुसऱ्या प्रकारच्या माणसाला आमच्याकडे चहा मिळत नाही.

१९८३ साली भारतात आलेली ही गाडी. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, आणि म्हणून हवेत पेट्रोल कालवून इंजिनाला पाजणारे कार्बोरेटरही दोन. सगळं रामायण इथेच सुरू होतं. एका घरातल्या दोन जावाच म्हणा. (मोटारसायकलींमधली जुनी जावा निराळी, ती बिचारी एकाच कार्बोरेटरवर संसार करते.) सासू म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची केबल. वर एकच, पण खाली दोन्ही कार्बोरेटरांकडे तिचे दोन फाटे. मूठ पिळली की दोघींनी एकदम आणि सारखंच उठायचं. एक केसभर आधी उठली की दुसरी फुगते, आणि गाडी ऐन सिग्नलला मान टाकते.

गेल्या रविवारी सकाळी मी दोघींचा कायमचा समेट घडवायला पार्किंगमध्ये बसलो. दोन्ही कार्बोरेटर उतरवले, खोलले, पेट्रोलने धुतले आणि जुन्या बनियनने अगदी मायेने पुसले. ही माया लक्षात ठेवा.

पुन्हा जोडून एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आवळले आणि दीड-दीड फेरा सैल केले. एवढ्यात सल्लागार जमलेच. "आत घेतला की पेट्रोल वाढतं," पहिला म्हणाला. "छे, कमी होतं!" दुसरा. गंमत म्हणजे दोघंही बरोबर होते. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा अडवतो, इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोल. ज्याची जशी गाडी, तसं त्याचं तत्त्वज्ञान. मी हे समजावून सांगितलं, त्यामुळे दोघंही माझ्यावर चिडले.

मग मुख्य परीक्षा. गाडी स्लोवर ठेवायची, मागे उकिडवं बसायचं आणि दोन सायलेन्सरांमागे दोन तळहात धरून फुंकर सारखी लागते का बघायचं. निळ्या धुरात मी असा बसलेला असताना तळमजल्यावरच्या काकू देवळातून परतल्या. "आज कसली आरती?" म्हणाल्या आणि सवयीने त्यांनीही हात जोडले.

उजव्या हाताला दणदणीत फुंकर, डाव्या हाताला दम्याच्या पेशंटसारखी. मी डावीचा स्लोचा स्क्रू चढवला. गाडी किंचाळायला लागली. उजवीचा उतरवला, बंद पडली. पुन्हा किक. पुन्हा डावी पाव फेरा, उजवी पाव फेरा, मग डावीची केबल, मग उजवीची. साडेअकरापर्यंत मूळ सेटिंग काय होतं हे मला, गाडीला आणि सल्लागारांना, कुणालाच आठवेना. प्लग काढून पाहिले. उजवा बिस्किटाच्या रंगाचा, म्हणजे सुखी. डावा पांढराफटक, म्हणजे तिला पेट्रोलच पोचत नव्हतं. उपाशी जावेला मी दोन तास 'जोरात बोल' म्हणून ढोसत होतो!

भाचा वरून मजा बघत होता. त्याची गाडी बीएस-६ मधली, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांतली. २०२० च्या एप्रिलपासून बहुतेक नव्या गाड्यांना कार्बोरेटरऐवजी पेट्रोलचं इंजेक्शन लागलं. आमचीची अजून घरगुती औषधांवर बोळवण. "मामा, बटण कुठंय?" एवढं विचारून तो ढकलायला आला, हे मात्र कबूल केलं पाहिजे. दीडशे किलोच्या आसपासची गाडी चढावर ढकलताना विनोदबुद्धी आपोआप संपते.

गॅरेजमधल्या उस्तादांनी किक मारली, मान तिरकी करून ऐकलं आणि "डावी" एवढंच म्हणाले. कार्बोरेटरचा बाऊल उघडला, स्लोवर पेट्रोल सोडणारा इवलासा स्लो जेट काढून उजेडात धरला. टाचणीचं टोकही जाणार नाही एवढं ते भोक.

"तार देऊ?" मी तत्परतेने विचारलं.

"तार घातली की भोक मोठं होतं, मग पीत बसते पेट्रोल," म्हणत त्यांनी जोरात फुंकर मारली. पलीकडून पांढऱ्या सुताचा बारीकसा तंतू बाहेर आला. त्यांनी तो चिमटीत धरून निरखला.

"साहेब, कशानं पुसता?"

बनियनचं एक टोक माझ्या मागच्या खिशातून लोंबत होतं. मी ते बोटाने हळूच आत सारलं आणि पोऱ्याला हाक मारून दोन चहा सांगितले.