रणगाड्यांनी विषय मिटतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप असा, की 'दडपशाहीने आंदोलन पेटतं' हे माझं विधान भाबडं आहे. 1989 मध्ये बीजिंगला लोकशाही मागणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनावर रणगाडे आले आणि विषय मिटला. विधान ढोबळ होतं, कबूल. पण 4 जूननंतर 21 विद्यार्थी नेत्यांची 'पाहिजेत' यादी निघाली, कामगारांच्या स्वतंत्र संघटना मोडून काढल्या. गोळीबार थोड्या तासांचा, धरपकड महिनोन्‌महिन्यांची. विषय मिटवला तो धरपकडीने.

नुसत्या गोळीबाराने काय होतं ते 1978 च्या इराणमध्ये, शहाविरुद्धच्या आंदोलनात दिसतं. जानेवारीत कोममध्ये माणसं मारली गेली, त्यांच्या चाळिसाव्याला तबरीझ पेटलं. 8 सप्टेंबरला तेहरानच्या जालेह चौकात लष्कराने गोळ्या झाडल्या. रस्ता महाग पडू लागला तसं आंदोलन तेल कामगारांच्या संपात शिरलं.

बेलारूसमध्ये तर एकाच सरकारने दोन्ही प्रयोग केले: आधी सरसकट मारहाण, मग नेमकी धरपकड. 9 ऑगस्ट 2020 च्या निवडणुकीत लुकाशेंको जिंकल्याचं जाहीर झालं, लोक निषेधाला रस्त्यावर आले, आणि पहिल्या काही दिवसांत सुमारे 7,000 लोक उचलले. त्यात निदर्शक होते, तसे नुसते वाटेने जाणारेही. सुटून आले ते अंगभर काळेनिळे वळ घेऊन, आणि ते फोटो सगळीकडे फिरले. गप्प राहूनही मार चुकत नसेल तर गप्प राहायचं कशाला? 12 तारखेला पांढऱ्या कपड्यांतल्या बायका हातात फुलं घेऊन रांगेने उभ्या राहिल्या, कारखाने कुरकुरू लागले, 16 तारखेला मिन्स्कमध्ये अतिप्रचंड सभा झाली.

नंतर सरकार नेम धरायला शिकलं. (ही खरी कारकुनी दडपशाही!) मोर्चाचा व्हिडिओ बघून चेहरा ओळखायचा, कित्येक महिन्यांनी घरून उचलायचं, कलम 342 लावायचं. हे कलम सार्वजनिक सुव्यवस्थेच्या गंभीर भंगाचं. नुसतं रस्त्यावरून चालणंही त्यात बसवलं गेलं. खिडकीत विरोधकांचा पांढरा-लाल-पांढरा झेंडा दिसला की दंड. यात फोटो काढण्याजोगं काहीच नसतं, आणि घरी बसलेला सुटतो हे सगळ्यांना कळतं. रशियाने मार्च 2022 मध्ये हीच युक्ती कायद्यात बसवली: सैन्याची 'बदनामी' केली तर आधी 30 ते 50 हजार रूबल दंड, वर्षाच्या आत पुन्हा केली तर फौजदारी खटला. दंड भरलेला माणूस वर्षभर स्वतःच स्वतःवर पहारा ठेवतो. पोलिसांचं काम वाचतं.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, की मोर्चे थांबले म्हणजे लोकांनी मान्य केलं. मोर्चे थांबल्यानंतरही बेलारूसचे पोलीस लोकांचे फोन उघडून टेलिग्रामवरची चॅनलं तपासत होते, आणि 'अतिरेकी' ठरवलेलं एखादं सापडलं की 15 दिवस आत टाकत होते. लोकांनी मान्य केलं असतं तर फोन कशाला उघडावे लागले असते?