लाळेची नळी नको, आधी पडदा तपासून घ्या

दादाने घरच्या ग्रुपवर एका जनुकीय चाचणीची लिंक टाकली. नळीत लाळ भरून पाठवायची, मग आईसारखा डोळ्यांचा आजार आपल्याला होण्याची शक्यता किती ते कळतं. "तिघं भावंडं करून टाकू," म्हणाला. मी नाही म्हटलं. का, ते इथे लिहिते, कारण असा विचार आणखी घरांतही चालू असेल.

आईला एएमडी आहे, म्हणजे वयामुळे मॅक्युलाची होणारी झीज. मॅक्युला हा डोळ्याच्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, मधला भाग. वाचायला, चेहरे ओळखायला तोच लागतो. आई एकदा म्हणाली होती, "अगं, यंदा कॅलेंडरच्या चौकटी अशा वाकड्या का छापल्यात?" आम्ही तिला चष्म्याच्या दुकानात नेलं. नंबर बदलला. चार महिन्यांनी परत बदलला. पडदा कुणी बघितलाच नाही, आणि बघायला हवा हे आम्हालाही सुचलं नाही. रेटिनाच्या डॉक्टरांकडे पोचलो तोवर डाव्या डोळ्यात पडद्याखाली रक्त उतरलं होतं. इंजेक्शनं घेऊन नजर आणखी जायची थांबली, पण गेलेली परत आली नाही. आता तांदूळ निवडताना ती मान वळवून कडेच्या नजरेने खडा शोधते.

हा आजार घराण्यात चालतो, हे खरंच आहे. सीएफएच या जनुकाच्या एका प्रकाराने धोका वाढतो हे २००५ साली समोर आलं. एआरएमएस२ हे दुसरं महत्त्वाचं नाव. पण जनुकाचा असा प्रकार असूनही कितीतरी जणांना आजार होत नाही, आणि नसूनही काहींना होतो. शिवाय अहवाल काहीही आला तरी डॉक्टर करणार तेच. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची मोठी संघटनाही एएमडीसाठी सरसकट अशी चाचणी करू नका असंच सांगते. आम्हाला तर आईमुळे आधीच कळलंय की आमचा धोका जास्त आहे. तेच पुन्हा कळून घ्यायला पैसे कशाला?

आणि मला खरी भीती वेगळीच वाटते. "धोका कमी" असा कागद हातात आला, तर दादा निर्धास्त होईल. तो रोज सिगारेट ओढतो. या आजारात आपल्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट तंबाखू सोडणं हीच आहे. या आजारासाठी मिळणाऱ्या जीवनसत्त्वांच्या खास गोळ्यासुद्धा आजार मधल्या टप्प्यावर पोचलेल्यांसाठी असतात, निरोगी डोळ्यांसाठी नाहीत. त्यातही बीटा कॅरोटीन हा घटक असलेल्या गोळ्या सिगारेट ओढणाऱ्याने घेऊच नयेत, फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

माझं सांगणं एवढंच: पन्नाशी आली असेल आणि घरात कुणाला हा आजार असेल, तर बाहुल्या मोठ्या करून पडदा तपासून घ्या. आणि घरी अधूनमधून एक डोळा झाकून कॅलेंडरकडे बघा, मग दुसरा झाका. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं झाकून नेतो. आईचं तसंच झालं. रेघ वाकडी किंवा मधेच तुटलेली दिसली, तर चष्म्याचा नंबर काढत बसू नका, त्याच आठवड्यात रेटिनाच्या डॉक्टरांकडे जा.

दादाशी दोन दिवस वाद झाला. शनिवारी तो तपासणीला गेला. पडद्यावर थोडे पिवळे ठिपके निघालेत, सहा महिन्यांनी परत बोलावलंय. घरी आल्यावर आईने त्याच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट मागून घेतलं. त्याने ते मुकाट्याने दिलं.