मानेतली नस म्हणजे मोरीचा पाइप नव्हे

गेल्या महिन्यात माझी आत्या, वय 67, विट्याला घरी भाकरी थापत होती. उजव्या हाताची बोटं एकाएकी ढिली पडली, उंडा परातीत तसाच राहिला. सुनेला हाक मारायला गेली तर तोंडातून धड शब्द फुटेना. दहा मिनिटांनी सगळं पूर्ववत. तिने उरलेल्या भाकऱ्या केल्या, जेवली, आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून सुनेला दम भरला. चार दिवसांनी सुनेनेच न राहवून मला फोन केला. हट्टाने मानेचं डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करायला लावलं. डाव्या बाजूची कॅरोटिड, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मानेतली मोठी वाहिनी, 80 टक्के अरुंद झालेली.

मिरजेच्या सर्जनची वेळ घेतली आणि त्याच रात्री तिच्या बचत गटाच्या ग्रुपवर तो मेसेज आला. सकाळी आत्या म्हणते, "अगं, कापाकापी कशाला? एकवीस दिवस रस पिऊन बघते की."

मेसेज थोडक्यात असा. लिंबू, आलं, लसूण यांचा रस, त्यात अ‍ॅपल सायडर व्हिनेगर आणि मध, रोज अनशापोटी तीन चमचे. 21 दिवसांत मानेतला 100 टक्के ब्लॉकेजही साफ. सोबत मानेला कोमट तेलाने जोरात मालिश. हातात बधिरपणा येऊन गेला तर घाबरू नका, शरीराने ब्लॉकेज स्वतःच मोकळा केला. कोलेस्ट्रॉलच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या आजपासून बंद. ऑपरेशननेच लकवा होतो, डॉक्टर हे लपवतात. आणि शेवटी, पोटातल्या मोठ्या नसेचा फुगाही याच रसाने उतरतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लकवा मारलेल्या माणसाला पुन्हा कपाचा कान धरायला शिकवण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे यातल्या "येऊन गेलं म्हणजे मोकळं झालं" या वाक्याचा मला सर्वात जास्त संताप आहे.

मोकळं काहीही झालेलं नसतं. जबड्याच्या कोनाखाली कॅरोटिडला दोन फाटे फुटतात, एक मेंदूकडे, एक चेहऱ्याकडे. चरबी आणि चुन्याचा थर साचतो तो बहुतेक वेळा या फाट्याशी. त्या थरावर रक्ताची बारीक गुठळी धरते, तिचा कण सुटून वर जातो आणि मेंदूतल्या एखाद्या छोट्या वाहिनीत अडकतो. हात लुळा पडतो, बोलणं अडखळतं, किंवा ज्या बाजूची वाहिनी त्याच बाजूच्या डोळ्यापुढे पडदा उतरल्यासारखा अंधार येतो. कण विरघळला की माणूस ठीक होतो. पण कण जिथून सुटला तो थर मानेत तसाच असतो, आणि पुढचा कण मोठा असू शकतो. मोठ्या झटक्याचा धोका सर्वात जास्त असतो तो याच पहिल्या काही दिवसांत. तेव्हा घाबरू नका म्हणणारा माणूस एकवीस दिवस वाया घालवायला सांगतोय, आणि तेही नेमके हेच एकवीस दिवस.

लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात 1954 साली ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांनी 66 वर्षांच्या एका बाईच्या मानेतला अरुंद तुकडा कापून वाहिनी पुन्हा जोडली. त्याआधी तिला असे येऊन जाणारे 33 झटके आले होते. तेहतीस वेळा "आपोआप मोकळं" झालं होतं म्हणायचं! ते थांबले ऑपरेशननंतर.

एका बाईवरून काही सिद्ध होत नाही, हे खरं. म्हणून अमेरिका-कॅनडात मोठी चाचणी झाली, नॅसेट नावाची, हेन्री बार्नेट या कॅनेडियन मेंदूविकारतज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली. असा झटका किंवा छोटा स्ट्रोक, म्हणजे परिणाम मागे ठेवणारा झटका, येऊन गेलेले आणि कॅरोटिड 70 ते 99 टक्के अरुंद असलेले 659 रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. सगळ्यांना गोळ्या, एका गटाला शिवाय वाहिनी उघडून थर काढायचं ऑपरेशन. दोन वर्षांत त्याच बाजूचा स्ट्रोक नुसत्या गोळ्यांवर 100 पैकी 26 जणांना, ऑपरेशनच्या गटात 9 जणांना. फरक इतका उघड होता की फेब्रुवारी 1991 मध्ये या रुग्णांपुरती चाचणी मध्येच थांबवून डॉक्टरांना कळवण्यात आलं. सहा जणांचं ऑपरेशन केलं की दोन वर्षांत एकाचा स्ट्रोक टळतो. माझ्या कामात सहामागे एक हा आकडा फार मोठा आहे. आणि हा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत सर्वात जास्त मिळतो, उशीर झाला की आटतो. बायकांमध्ये तर अधिकच लवकर आटतो.

आता रस. लिंबाने भांड्यावरचे डाग निघतात म्हणून नसाही साफ होतील, ही कल्पना मुळात मोरीच्या पाइपवरून आलेली आहे. थर वाहिनीच्या आत तरंगत नसतो, तो भिंतीच्या अस्तराखाली, भिंतीतच मुरलेला असतो. जठरातलं आम्ल लिंबापेक्षा कितीतरी जहाल, आणि तरी रक्ताचा सामू (पीएच) 7.35 ते 7.45 च्या बाहेर शरीर जाऊ देत नाही. तुमचा रस मानेपर्यंत आम्ल म्हणून पोचतच नाही. आणि क्षणभर धरून चालू की पोचला आणि थर सुटा झाला. तो जाणार कुठे? वर, मेंदूत. मेसेज ज्याला "साफ होणं" म्हणतो तेच खरं झालं, तर त्याचं नाव लकवा.

हाच मुद्दा मालिशला लागू. असा ब्लॉकेज असलेल्या माणसाची मान तिथे दाबायची नाही, हे आम्हाला कॉलेजात पहिल्यांदा शिकवतात. कण सुटू शकतो, शिवाय तिथल्या दाबाने नाडी एकदम मंदावून माणूस कोसळू शकतो. आणि 100 टक्के बंद झालेली कॅरोटिड तर सर्जनही सहसा उघडत नाहीत.

गोळ्या बंद करायच्या नाहीत. अ‍ॅस्पिरिन गुठळी धरू देत नाही, स्टॅटिन थर घट्ट ठेवतं. ऑपरेशन झालं तरी दोन्ही चालूच राहतात.

"ऑपरेशननेच लकवा होतो" यात अर्धं खरं आहे आणि ते मला मान्य करावं लागतं. नॅसेटमध्ये ऑपरेशननंतरच्या महिनाभरात 5.8 टक्के रुग्णांना स्ट्रोक आला किंवा मृत्यू झाला. पण वरच्या 9 मध्ये त्या काळातले स्ट्रोकही धरलेले आहेत. हे लपवलंय म्हणणाऱ्याने त्या चाचणीचा शोधनिबंध उघडून पाहिलेला नाही. उरला आरोप, डॉक्टरांना कापायचंच असतं. ज्या बार्नेटनी हे सिद्ध केलं, त्यांनीच 1985 मध्ये 1,377 रुग्णांच्या चाचणीतून टाळूवरची रक्तवाहिनी मेंदूतल्या वाहिनीला जोडण्याचं तेव्हाचं लोकप्रिय ऑपरेशन स्ट्रोक टाळत नाही असं दाखवून दिलं होतं.

आणखी एक कबुली. काहीच लक्षण नसताना हेल्थ चेकअपच्या पॅकेजात मानेचं डॉपलर करायचं आणि 50 टक्के दिसलं की ऑपरेशनचं बोलायचं, हे चूक आहे. नॅसेटच्याच पुढच्या भागात, झटका येऊन गेलेल्यांतही, 50 टक्क्यांखाली ऑपरेशनचा फायदा दिसला नाही, आणि अमेरिकेतला तज्ज्ञगट लक्षणं नसलेल्यांची सरसकट तपासणी करू नका असंच सांगतो. अशा वेळी दुसरं मत जरूर घ्या. आत्याची गोष्ट त्यात बसत नव्हती. तिची बोटं ढिली पडली होती.

पोटातला फुगा हा ब्लॉकेज नसतोच. तिथे महाधमनीची भिंत कमकुवत होऊन फुगलेली असते. साधारण 5.5 सेंटीमीटरच्या खाली सोनोग्राफीने लक्ष ठेवतात, वर गेली की दुरुस्तीचा विचार. रसाचा संबंध नाही.

आत्याचं ऑपरेशन दहाव्या दिवशी झालं. सर्जननी काढलेला थर आम्हाला छोट्या बाटलीत दाखवला. बोटाच्या पेराएवढा, पिवळट, मधोमध चुन्याचा खडा. आत्याने बाटली कानाशी नेऊन हलवली. खडा काचेवर वाजला. "हे लिंबानं निघणार होतं व्हय," एवढंच म्हणाली.

काल त्याच गटातल्या दुसऱ्या एका बाईंनी मला रसाचं प्रमाण विचारलं. चौकशी केली तर परवा त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे पाच मिनिटं अंधार आला होता. त्यांना आज सकाळी तपासणीला पाठवलंय, आणि हे सगळं त्या मेसेजच्या खालीच टाकतेय.