बूस्ट पाईप उडतो म्हणून नुसता क्लॅम्प आवळत बसू नका

डिझेलवाल्यांच्या ग्रुपांमध्ये एक मेसेज फिरतोय, रिमॅप केलेल्या (सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवलेल्या) किंवा लोडच्या गाडीचा इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाईप सांध्यातून सारखा उडत असेल तर काय करायचं याचा. थोडक्यात असा: कुठलाही जाड सिलिकॉन बूट (दोन पाईप जोडणारी रबरासारखी नळी) घ्या, आतून ग्रीस लावून चढवा, एकाच्या जागी दोन ज्युबिली क्लिपा (स्क्रूने आवळायच्या पट्ट्या) टाका, स्क्रू फिरायचा थांबेपर्यंत आवळा, आणि तरी उडाला तर एक सेल्फ टॅपिंग स्क्रू मारून टाका, कायमचा इलाज. लोक हे गॅरेजवाल्याला दाखवून तसंच काम करून घेतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

त्याआधी त्या सांध्यावर जोर किती येतो ते बघा. ६३ मिलिमीटरचा पाईप आणि २ बार बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) धरला तर बुटाला पाईपवरून ओढणारा जोर ६० किलोच्या वर जातो, ७६ मिलिमीटरचा पाईप असेल तर ९० किलोच्या वर. आणि हा जोर शांतपणे येत नाही, घाटात प्रत्येक गिअर बदलल्यावर ॲक्सिलरेटर दाबला की नव्याने झटका बसतो.

आता ग्रीस. हा सगळ्यात वाईट सल्ला आहे. बूट धरून राहतो तो घर्षणावर, आणि तुम्ही नेमकं तिथेच घसरण करून ठेवताय. चढवताना सोपं जातं हे खरं, पण ग्रीस कुठे उडून जात नाही, गरम झालं की अजून पातळ होतं. सिलिकॉनवर डब्ल्यूडी-४० मारणंही तसंच. बूट चढत नसेल तर साबणाचं पाणी किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, दोन्ही वाळतात. त्याआधी पाईपचं टोक आणि बुटाची आतली बाजू ब्रेक क्लीनरने कोरडी खडखडीत करा, कारण क्रँककेसच्या ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) येणारी ऑइलची वाफ तिथे थर धरून बसलेली असतेच. थोडा ओलसरपणा सगळ्याच टर्बो डिझेलमध्ये दिसतो, पण इंटरकूलर उलटा केल्यावर ऑइल ओतत असेल तर ब्रीदर आणि टर्बोचं सील आधी बघा, नाहीतर नवीन बूटही त्याच ऑइलवर घसरणार.

जाड म्हणजे मजबूत, हे पण तसं नाही. आत कापडाचे थर किती, कापड कसलं आणि आतला अस्तर कसला यावर सगळं आहे. साधं सिलिकॉन पाण्याला, कूलंटला उत्तम, पण ऑइल ते पितं. वापरलेला असा एखादा बूट उभा कापून बघा, बाहेरून चकचकीत निळा दिसतो आणि आत थर एकमेकांपासून सुटलेले असतात, नखाने सोलता येतात, मधे काळं ऑइल. म्हणून टर्बो डिझेलला आतून फ्लुरोसिलिकॉन अस्तर असलेलाच बूट घ्या, महाग पडतो पण पर्याय नाही.

गरम बाजू आणि थंड बाजू यांना एकच माल लावू नका. ३५ डिग्रीची हवा २ बारपर्यंत दाबली की टर्बोतून निघताना ती १८० ते १९० डिग्रीच्या आसपास असते, म्हणजे खंबाटकीला लोड घेऊन चढताना टर्बो ते इंटरकूलर हा बूट अक्षरशः भाजून निघतो. तिथे कापड उष्णता सोसणाऱ्या ॲरामिड धाग्याचं पाहिजे, पॉलिएस्टरचं नको. इंटरकूलरनंतर हवा बरीच थंड झालेली असते, तिथे पॉलिएस्टर चालून जातं.

दोन ज्युबिली क्लिपा लावायचं म्हणाल तर त्यांच्या पट्टीला खाचा असतात, जोरात आवळलं की सिलिकॉन त्या खाचांत घुसून कापलं जातं. शिवाय स्क्रूच्या डबीखाली दाब सारखा पडत नाही आणि हवा तिथूनच शिट्टी मारते. दुसरी क्लिप लावून दुसऱ्या जागी कापायची सोय होते एवढंच. टी-बोल्ट क्लॅम्प घ्या, पट्टी सपाट, दाब गोल सगळीकडे सारखा. फक्त त्याची रेंज लहान असते, त्यामुळे पाईपच्या नाही तर बूट चढवल्यावर बाहेरच्या मापाने घ्यायचा. ६३ चा बूट, भिंत ५ ची, तर बाहेरून ७३, व्हर्नियर लावून बघा आणि मग दुकानात जा. स्प्रिंगवाला टी-बोल्ट मिळाला तर गरम बाजूला तोच, कारण सिलिकॉन तापून दबतं आणि साधा क्लॅम्प आपोआप ढिला पडतो.

आणि आवळायचं म्हणजे किती? दहाच्या सॉकेटला लांब दांडा लावून नाही. साधारण ७-८ न्यूटन मीटर पुरतं, बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच. इंटरकूलरचे टँक प्लास्टिकचे असतील तर टी-बोल्टने तोंडालाच चीर जाते, तिथे जपून. काही नव्या गाड्यांना तिथे क्लॅम्पच नसतो, ओ-रिंग आणि तारेची क्लिप असते, गळतं ती ओ-रिंग, ती बदला.

पाईपच्या टोकाला बीड म्हणजे उठलेली कड आहे का हे मात्र मेसेजमध्ये कुठेच नाही, आणि खरं कारण बऱ्याचदा हेच निघतं. सरळ गुळगुळीत कापलेल्या ॲल्युमिनियम पाईपवर जगातला कुठलाही क्लॅम्प २ बारला भरवशाचा नाही. बीड मारून घ्या, बूट तिच्यावरून निदान ३० मिलिमीटर आत गेला पाहिजे, आणि क्लॅम्प बीडच्या मागे, अगदी जवळ. बीडवर चढलेला क्लॅम्प काही दिवसांत घसरतोच.

एकच बूट पुन्हा पुन्हा उडत असेल तर इंजिनाचं फाउंडेशन (ज्यावर इंजिन बसतं ते रबरी माउंटिंग) बघा. इंटरकूलर चेसिसला घट्ट, इंजिन मात्र रबरावर हलतं, रबर बसलेलं असेल तर प्रत्येक झटक्याला बूट तिरका ओढला जातो. त्या जागी हंपवाला (मधे उंचवटा असलेला, लवचिक) बूट हवा, आणि आत दोन पाईपांच्या टोकांत थोडं अंतर हवं, पण एवढं नको की बूट मधेच फुगा धरेल.

स्क्रू मारायचा सल्ला देणाऱ्याला हात जोडून विनंती आहे, नका सांगू कुणाला. भोक पाडलं की कापडाचे धागे तुटतात, फाटायला तिथूनच सुरुवात होते, आणि थंड बाजूला ड्रिलचा कीस सरळ इंजिनात जातो. तारेने बांधणाऱ्यांनाही हेच.

काम झाल्यावर दोन-तीनदा गाडी गरम-थंड होऊ द्या आणि थंड असताना एकदा पुन्हा टॉर्क तपासा. गळतीची शंका असेल तर टर्बोच्या हवा आत घेणाऱ्या तोंडाला बूच बसवून रेग्युलेटरने १ बारपर्यंतच हवा भरा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी मारा. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची पूर्ण हवा सोडायची नाही, आणि बुचासमोर कुणी उभं राहायचं नाही.