किल्ल्यांचा जुडगा

जपानी बाई, कला आणि 'वर्तमान क्षण' हे एका वाक्यात आले की मागोमाग 'झेन' आलंच म्हणून समजा. मग बांबू, चहा, मंद बासरी. मिएको शिओमीच्या बाबतीत हे सगळं बाजूला ठेवलेलं बरं, कारण ही बाई आली संगीतातून. १९३८ साली ओकायामात जन्म, टोकियोत संगीतशास्त्राचं शिक्षण, आणि १९६० च्या सुमारास मित्रमंडळींसोबत 'ग्रुप ओंगाकु' हा वाजवणाऱ्यांचा गट. हाताला लागेल त्या वस्तूतून आवाज काढायचा, आधी काही ठरवायचं नाही, असा सगळा कारभार.

तिनेच सांगितलेली एक हकीकत आहे. लय धरून ठेवायला ती किल्ल्यांचा जुडगा छताकडे फेकत होती. वर गेला, आपटला, खाली आला, पुन्हा वर. त्या चमकणाऱ्या किल्ल्या बघता बघता तिच्या डोक्यात आलं, अरे, मी वाजवत कुठे आहे, मी तर किल्ल्या फेकतेय! तिच्या पुढच्या कामाचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

१९६३ चा 'एंडलेस बॉक्स' घ्या. पांढऱ्या कागदाची घडीची डबी, तिच्यात जराशी लहान डबी, तिच्यात आणखी लहान. उघडत बसा. सूर विरत जातो ते डोळ्यांना दिसावं, ही तिची कल्पना.

१९६४ मध्ये ती शिगेको कुबोता या जपानी कलाकार बाईबरोबर न्यूयॉर्कला गेली, फ्लक्सस नावाच्या प्रयोगखोर कलाकारांच्या गोतावळ्यात. त्याच साली तिने चेहऱ्यासाठी एक 'संगीत' लिहिलं: हसायचं, आणि ते हसू हळूहळू मावळू द्यायचं. झालं संगीत! १९६६ मध्ये छायाचित्रकार पीटर मूरने ते अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं. ओठ कलाकार योको ओनोचे. काही सेकंदांचं हसू पडद्यावर अकराएक मिनिटं चालतं. आधी वाटतं, काहीच घडत नाहीये. मग ओठांची कड खाली आलेली दिसते, पण ती कधी आली ते हाती लागत नाही. डोळे ताणून बघत असूनही!

म्हणूनच 'वर्तमानात जगा, मन शांत होईल' असं विकणाऱ्या ॲपवाल्यांच्या रांगेत तिला बसवलं की माझं डोकं उठतं. शिओमी शांतीबिंती काही कबूल करत नाही. ती फक्त बघायला लावते, आणि नीट बघितलं की उलट अस्वस्थच व्हायला होतं.

शिवाय तिचा क्षण एकट्याचा नाही. १९६५ ते १९७५ तिने 'स्पेशियल पोएम' (म्हणजे अवकाशातली कविता) केलं, तेही टपालाने. जगभरच्या लोकांना पत्रं: एक शब्द लिहून कुठेतरी ठेवा, ठरल्या वेळी तुमचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते कळवा, काहीतरी खाली पडू द्या. उत्तरं आली की ती नकाशावर मांडायची. पहिल्या खेपेला तर जगाच्या नकाशावर टाचण्यांना चिमुकली निशाणं लावली होती. त्याच १९६५ साली ती जपानला परतली. पुढे लग्न, ओसाकाकडे बिऱ्हाड. न्यूयॉर्क सुटलं तरी काम अडलं नाही, पोस्टाची तिकिटं पुरली.

राग एकाच गोष्टीचा येतो. त्या कागदी डब्या आता संग्रहालयांत जपून ठेवाव्या लागतात, हात लावायची सोय नाही. जपणं मला कळतं, पण उघडायच्या डब्या नुसत्या बघून काय कळणार? त्यापेक्षा घरी कागद कापून घड्या घाला. आणि ती हसण्याची फिल्म सापडली तर कृपा करून पुढे ढकलत बघू नका.