जंबो २५० टेप ड्राइव्हला दोन तारे: दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तारे दोन आणि तक्रारी चार. टेपवर कॉम्प्युटरचा बॅकअप घेणाऱ्या, २५० एमबीचा म्हणून दिलेल्या ड्राइव्हवर जेमतेम निम्मा डेटा बसतो. बॅकअपला दोन तास लागतात आणि मधेच ड्राइव्ह मागे-पुढे करत कुरकुरतो. वडिलांच्या ऑफिसातली जुनी टेप त्याने ‘खाल्ली’. आणि ती सोडवायचे आम्ही वेगळे पैसे मागतो. शेवटी ‘त्यापेक्षा पेन ड्राइव्ह काय वाईट’ हेही आहेच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, असल्या जुन्या मालाला हात लावणारे आता फारसे उरलेले नाहीत. तुमचा रिव्ह्यू वाचून दुसरं कोणी घरातली जुनी टेप काढून थेट ड्राइव्हमध्ये घालू नये, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

२५० चं आधी सांगतो, ते सोपं आहे. तो आकडा आमच्या पदरचा नाही, कोलोरॅडो कंपनीने ड्राइव्हच्या नावातच घातलेला आहे. या ड्राइव्हच्या डीसी-२१२० कार्ट्रिजमध्ये, म्हणजे टेपच्या डबीत, पाव इंच रुंदीची सुमारे तीनशे सात फूट टेप असते. तिच्यावर २८ ट्रॅक आणि सगळे मिळून १२० एमबी. प्रत्येक फाइल आवळून (कॉम्प्रेस करून) निम्मी होईल असं गृहीत धरलं की त्याचे जवळपास २५० होतात. पत्रं, डीबेसच्या डेटाबेस फाइली, लोटसच्या हिशेबाच्या शीट खरोखर निम्म्या होतात. तुमच्या डिस्कवर बहुतेक जागा झिप केलेल्या गेमनी व्यापलेली आहे. आधीच आवळलेलं आणखी किती आवळणार? आमच्या बिलावर ‘१२० एमबी, कॉम्प्रेशनविना’ असं लिहिलेलं आहे, कृपया बघून घ्या.

आता वेळ. हा ड्राइव्ह फ्लॉपीच्या केबलवर चालतो, म्हणजे त्याला वेगही फ्लॉपी चालवणाऱ्या सर्किटचा, फ्लॉपी कंट्रोलरचाच मिळतो. तुमच्या ३८६ प्रोसेसरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो सेकंदाला पाच लाख बिट, फार तर साठ किलोबाइट. पूर्ण टेप भरायची तर काहीही न अडखळता निदान पस्तीस मिनिटं हवीत, आणि नंतर टेप डिस्कशी ताडून बघायला, म्हणजे कम्पेअरला, तेवढीच पुन्हा. शिवाय टेप सतत पळत असते. फाइल आवळून पुढे द्यायला प्रोसेसरला उशीर झाला, की ड्राइव्ह टेप थांबवतो, थोडी मागे घेतो, पुन्हा वेग पकडतो आणि सोडलं होतं तिथून लिहायला लागतो. तुम्हाला ऐकू येतं ते कुरकुरणं हेच. कॉम्प्रेशन बंद करून बघा, बराचसा आवाज जाईल. आवळता येणाऱ्या फाइलींना मात्र टेप एकाच्या दोन लागतील. कोरी टेप घरी फॉरमॅट करायच्या भानगडीत पडू नका, त्यात तासाहून जास्त जातो. आम्ही फॉरमॅट करूनच देतो.

ड्राइव्ह बिघडलेला नाही हे तुम्हालाही माहीत आहे. या जंबो ड्राइव्हचा खरा रोग म्हणजे आतला रबरी रोलर. तीस वर्षांत त्या रबराचा काळा चिकटा होतो, बोटाला काकवीसारखा लागतो. असा रोलर कार्ट्रिजला टेकला तर दोन्ही बाद. तुमच्या ड्राइव्हचा रोलर आम्ही खरवडून साफ केला आणि त्यावर नवी नळी चढवली. नंतर तुमच्यासमोरच एका डिरेक्टरीचा बॅकअप घेतला, ती डिस्कवरून उडवली आणि टेपवरून परत आणून दाखवली. ‘बॅकअप कम्प्लीट’ हा मेसेज कोणताही ड्राइव्ह देतो. फाइल परत येते की नाही, एवढीच त्याची परीक्षा.

मुख्य मुद्दा तुमच्या टेपचा. ड्राइव्ह घेताना आमच्या मुलाने तुम्हाला सांगितलं होतं, आणि बिलाच्या मागे शिक्काही आहे: जुनी कार्ट्रिज आधी उघडून तपासल्याशिवाय चालवू नये. तुम्ही म्हणता की नवी टेप चालली, मग जुनी का चालू नये. कारण या प्रकारात अर्धी यंत्रणा कार्ट्रिजच्या आत असते. ड्राइव्ह फक्त एक चाक फिरवतो. ते चाक आतला एक लवचीक पट्टा ओढतं, आणि पट्टा दोन्ही रिळांवरच्या टेपला बाहेरून घासत ती फिरवतो. हा पट्टा वयाने ढिला पडतो, तुटतो, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे टेपला चिकटून बसतो आणि निघताना तिच्यावरचा तपकिरी थर सोलून काढतो. जिथला थर गेला तिथला डेटा गेला. तो कोणालाच परत आणता येत नाही.

दुसरी गोष्ट, कॅसेटसारखी ही टेप रिळाला अडकवलेली नसते. ती नुसती गुंडाळलेली असते. कार्ट्रिजच्या कोपऱ्यात एक छोटा तिरका आरसा बसवलेला असतो. ड्राइव्हचा उजेड त्यावरून वळतो आणि टेपच्या टोकाजवळच्या बारीक भोकांतून पार झाला की सेन्सरला कळतं, टेप संपत आली, थांबायचं. तुमची कार्ट्रिज आम्ही खालच्या पत्र्याचे स्क्रू काढून उघडली, कारण त्याशिवाय ती ड्राइव्हमधून सुटत नव्हती. आरशावर पांढरी बुरशी होती. मुंबईतले इतके पावसाळे लोखंडी कपाटात, तेही प्लास्टिकच्या पिशवीत काढल्यावर दुसरं काय होणार? उजेड पोचला नाही, ड्राइव्हला भोकं दिसली नाहीत, तो फिरवत राहिला आणि टेप रिळावरून सुटून आत गोळा झाली. ड्राइव्हने खाल्ली म्हणायला माझी हरकत नाही, पण त्याच्या डोळ्यावर पट्टी होती.

यात तुमचं नशीब चांगलं आहे. सुटलेलं आणि चुरगळलेलं टोक भोकांच्या पलीकडचं आहे आणि त्या भागात डेटा लिहिलेलाच नसतो. पट्टा ढिला आहे, चिकटलेला नाही. आरसा पुसून, टेप पुन्हा चढवून, चांगल्या कार्ट्रिजमधला पट्टा घातला तर ती वाचली जायची शक्यता बरी आहे. मधे काही जागा खराब निघाल्या तरी लगेच धीर सोडायचा नाही. या टेपवर दर ३२ ब्लॉकांतले तीन दुरुस्तीसाठी राखलेले असतात, त्यामुळे एका गटातले तीनपर्यंत खराब ब्लॉक हिशेबाने भरून काढता येतात. ज्याने कोणी हे ठरवलं त्याला आम्ही रोज दुवा देतो.

हे हाताचं काम आहे, आणि त्याचे पैसे लागतात. ड्राइव्हची वॉरंटी ड्राइव्हला आहे, तुमच्या कपाटातल्या टेपला नाही. ड्राइव्ह आम्ही पुन्हा तपासला, साफ केला. त्याचे एक रुपयाही घेणार नाही.

पेन ड्राइव्हबद्दल तुमचं म्हणणं सोळा आणे बरोबर आहे, फक्त ३८६ ला तो लावणार कुठे? त्याच कारणासाठी तुम्हाला कॉम्पॅक्ट फ्लॅश मेमरी कार्ड आणि ते हार्ड डिस्कच्या केबलला जोडणारा आयडीई अडॅप्टर सुचवला होता. ५०४ एमबीच्या आतलं कार्ड घेतलं की जुन्या बायोसची, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामचीही कटकट नाही. तुम्ही म्हणालात, तेव्हा घरी टेप होती, आता टेपच पाहिजे. ती हौस आम्हाला कळते, आमचं दुकान तिच्यावरच चालतं. पण ज्या फाइली गेल्या तर रात्रीची झोप उडेल, त्यांची प्रत टेपखेरीज दुसरीकडेही ठेवा. आणि रात्री कार्ट्रिज ड्राइव्हमध्ये तशीच ठेवू नका, रोलरला एकाच जागी खळगा पडतो.

तुमची टेप आमच्याकडे आहे, तुमच्या होकाराशिवाय ती फिरवणार नाही. नुसती परत हवी असेल तर आहे तशी घेऊन जा, पैसे नाहीत. वाचून हवी असेल तर येताना त्या डब्यातल्या बाकीच्या टेपाही आणा; एकीवर बुरशी आहे म्हटल्यावर सगळ्या उघडून बघायला हव्यात. लेबलवर बॅकअपच्या प्रोग्रामचं नाव असेल, किंवा त्याच्या फ्लॉप्या कुठे सापडल्या, तर त्याही आणा. कोलोरॅडोचा प्रोग्राम, सेंट्रल पॉइंट कंपनीचा प्रोग्राम, विंडोज ९५ चा स्वतःचा बॅकअप, यांचं एकमेकांशी पटेलच असं नाही, आणि चुकीच्या प्रोग्रामने टेप उगाच पुढे-मागे पळवत बसणं या वयात तिला झेपणार नाही. सोमवार ते शनिवार, अकरा ते सात दुकान उघडं असतं.