उचल घेतली म्हणजे राजीखुशी झाली का?

गळीत हंगाम तोंडावर आला की एक मजकूर हमखास फिरतो : ऊसतोड मजूर हंगामाआधी लाखभर उचल (आगाऊ रक्कम) घेतात, स्वतःहून येतात, वर पैसे बुडवून पळतात, त्यांना वेठबिगार म्हणणं ही कारखान्यांची बदनामी आहे.

‘स्वतःहून येतात.’ येतात, कारण बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीच्या कोरडवाहू रानात दिवाळीनंतर हाताला काम नसतं. उचल लग्नात, दवाखान्यात, मागच्या बाकीत आधीच संपलेली असते. मग नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, हंगामभर उचल देणाऱ्या मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची. दुसरीकडे जास्त मजुरी मिळत असली तरी बाकी फिटेपर्यंत जाता येत नाही. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात नेमकं हेच आहे : आगाऊ रकमेपोटी दुसरं काम धरायची किंवा मोकळं फिरायची मुभा गेली, की ती वेठबिगारी. साखळदंड लागत नाही. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगितलं, की भुकेपोटी आलेली सक्तीही सक्तीच, आणि किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवणं हा सक्तीच्या मजुरीला मनाई करणाऱ्या घटनेच्या कलम २३ चा भंग आहे.

‘पैसे बुडवतात.’ काही जण दोन मुकादमांकडून उचल घेतात, आणि त्यात व्याजाने पैसे काढलेला लहान मुकादम भरडला जातो, हे मी नाकारत नाही. त्यासाठी पोलीस ठाणं आहे. माणूस उचलून नेणं, डांबून ठेवणं ही वसुली नव्हे, गुन्हा आहे.

‘कारखान्याचा संबंध नाही, व्यवहार मुकादमाशी.’ याचीच मला सर्वांत जास्त चीड येते. उचलीचा पैसा बहुतेकदा कारखान्याकडूनच वाहतूकदारामार्फत खाली येतो. कोणत्या फडात कधी तोड लावायची ते कारखान्याचा शेती विभाग ठरवतो, वजन कारखान्याच्या काट्यावर होतं. तोडणीच्या दरासाठी मजूर संघटनांसमोर साखर संघच, म्हणजे कारखान्यांचीच संघटना, बसते. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली ती तिथेच. एवढं सगळं हातात असताना फक्त जबाबदारी तेवढी मुकादमाची कशी?

बायकांचं तर हा मजकूर नावच घेत नाही. २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. यात खासगी दवाखान्यांची हावही होती. पण मासिक पाळीत खाडा केला की पैसे कापले जातात, कोपीजवळ (मजुरांच्या झोपडीजवळ) ना संडास ना पुरेसं पाणी, ही परिस्थिती दवाखान्यांनी आणलेली नाही. कारखान्यांनी मजुरांची नावं स्वतःच्या हजेरीपटावर घ्यावीत आणि मजुरी थेट दोघांच्या खात्यात, बाईची बाईच्या नावावर, जमा करावी.